लॉसन सरांच्या वाटेने : अटलांटा ते मेम्फिस

बुधवार, अटलांटा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर ऑबर्न अव्हेन्यूवर आहे, घर क्रमांक ५०१. लाकडी, दुमजली, पुढे ऐसपैस व्हरांडा. १५ जानेवारी १९२९ ला ते इथे जन्मले. थोडं चाललं की त्यांच्या वडिलांचं एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च लागतं. तिथेच जवळ पाण्याच्या लांबट हौदात पांढऱ्या संगमरवराची समाधी आहे. मार्टिन आणि त्यांच्या पत्नी कोरेटा दोघंही तिथेच. घर, चर्च आणि समाधी, सगळं एका रस्त्यावर.

हा रस्ता पाहिल्याशिवाय किंग समजत नाहीत, असं मला वाटतं. वंशभेदाच्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बाजारात मानाने उभंही राहू दिलं नाही, तेव्हा त्यांनी ऑबर्न अव्हेन्यूवर स्वतःची दुकानं, स्वतःची विमा कंपनी, स्वतःचं वर्तमानपत्र उभं केलं. पाद्री तर पूर्णपणे समाजाच्या पैशावर जगणारा. शेतमजूर मोर्चात दिसला की मालक त्याला दुसऱ्या दिवशी हाकलणार, शाळामास्तरची नोकरी सरकारच्या हातात. पाद्र्याला कामावरून काढायला मात्र गोरा मालकच नव्हता. या लढ्यात जागोजागी पाद्री पुढे दिसतात, त्याचं हे एक साधं कारण.

मी नागपूरची, हिस्लॉप कॉलेजची विद्यार्थिनी. जेम्स लॉसन हे नाव मी ऐकलं ते कॉलेज सोडून कितीतरी वर्षांनी. १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं हा तरुण कृष्णवर्णीय मेथडिस्ट मिशनरी आमच्या कॉलेजात होता. मुलांना खेळ शिकवायचा, त्यांच्यात मिसळायचा आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. त्याआधी कोरियन युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याने तेरा महिने तुरुंगवास भोगला होता. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या इंग्रजी वर्तमानपत्रात त्याने बातमी वाचली : अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला आहे. ज्याची तो वाट पाहत होता ते त्याच्या देशात सुरू झालं होतं, आणि ते त्याला कळलं आमच्या गावात. पुढे त्याने जे काम केलं ते पाहायला मी आले आहे. अटलांटात राहणारा माझा भाचा गाडी चालवतोय. त्याची सतरा वर्षांची लेक, माझी नात, मागच्या सीटवर नकाशा घेऊन बसली आहे.

किंग यांच्या स्मारकाच्या आवारात गांधींचा पूर्णाकृती पुतळा आहे, चालत्या पावलाचा. मात्र गांधी इथे पोचले ते किंग यांच्याही आधी. दुपारी आम्ही मोअरहाउस कॉलेजात गेलो. किंग इथे शिकले. त्यांचे प्राचार्य बेंजामिन मेज हे १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला जाऊन गांधींना भेटले होते. अहिंसा म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मेज तिथून शिकून आले आणि वर्षानुवर्षं कॉलेजच्या प्रार्थनासभेत बोलत राहिले. समोर बसलेल्या मुलांत किंग होते. एप्रिल १९६८ मध्ये याच आवारात, आपल्या विद्यार्थ्याच्या अंत्यविधीला, श्रद्धांजलीचं भाषण मेज यांनाच करावं लागलं. मेज पती-पत्नींची समाधी कॉलेजच्या आवारातच आहे. मी वर्ध्याच्या इतक्या जवळ राहते, सेवाग्रामला कितीदा गेले असेन, पण या भेटीचा विचार तिथे कधी मनात आला नव्हता.

ऑबर्न अव्हेन्यूवरच चळवळीच्या संघटनेचं कार्यालय होतं. १९५७ मध्ये दक्षिणेतल्या पाद्र्यांनी एकत्र येऊन ती काढली, अध्यक्ष किंग. कार्यालय प्रत्यक्षात चालवलं एला बेकर यांनी. जगाला त्यांचं नाव कमी माहीत आहे. ज्या लोकांत ताकद आहे त्यांना ताकदवान नेत्याची गरज नसते, असं त्या म्हणायच्या, आणि किंगभोवती जमणाऱ्या गर्दीची त्यांना काळजी वाटायची. १९६० मध्ये विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना उभी राहावी म्हणून धडपडल्या त्या याच. पुढचे सगळे दिवस मला त्यांचं ते वाक्य आठवत राहिलं.

गुरुवार, मॉन्टगोमेरी

अटलांटाहून साधारण २६० किलोमीटर. अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मध्येच गुलाबी-पांढरा फुलोरा.

शहराच्या मध्यभागी कारंज्याचा चौक आहे. गृहयुद्धाआधी इथे माणसांचा बाजार भरायचा. चौकातून सरळ चढत जाणारा रस्ता राज्याच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांशी संपतो. त्या पायऱ्यांवर १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. आणि तिथून हाकेच्या अंतरावर लाल विटांचं डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च, जिथे १९५४ मध्ये किंग पाद्री म्हणून रुजू झाले. एवढ्याशा रस्त्यावर शंभर वर्षांचा इतिहास समोरासमोर उभा आहे.

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स याच चौकातून बसमध्ये चढल्या, आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्या ‘दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई’ म्हणून येतात. दमलेल्या असतीलही, पण ४२ वर्षांच्या रोझाबाई तोवर बारा वर्षं चळवळीत होत्या. नागरी हक्कांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शहर शाखेच्या सचिव होत्या, बलात्काराच्या आणि खुनाच्या प्रकरणांत साक्षी-पुरावे गोळा करत फिरल्या होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर या शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. जागा सोडायला नकार देणाऱ्या त्या पहिल्याही नव्हत्या. नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच कारणाने पकडलं होतं.

जिथे रोझाबाईंना अटक झाली तिथे आता संग्रहालय आहे. मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती जो ॲन रॉबिन्सन यांच्या गोष्टीपाशी. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आणि शहरातल्या कृष्णवर्णीय महिलांच्या राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. बसमधला अपमान थांबला नाही तर बहिष्कार होईल, असं पत्र त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पाठवलं होतं. अटकेची बातमी कळल्यावर त्या रात्रीच कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबतीला. सायक्लोस्टाइलवर कागद वाचावा म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा बसवला, आणि पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढून, कापून, गठ्ठे बांधून तयार. सकाळी आठचा तास त्यांनी नेहमीसारखा घेतला. तास संपल्यावर पत्रकं गावभर वाटली गेली.

हे वाचताना मी नातीला सायक्लोस्टाइल समजावून सांगितलं. मेणाचा कागद, त्यावर टाइप करायचं, रोलरला शाई, मग दांडा फिरवत बसायचं. हाताला लागलेली शाई दोन दिवस जात नाही. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मोर्चाची पत्रकं अशीच निघाली.

“आजी, म्हणजे किंग यायच्या आधीच सगळं तयार होतं?”

होतं. ५ डिसेंबरच्या सोमवारी बस रिकाम्या धावल्या, आणि त्याच दुपारी नवी संघटना काढून किंग यांना अध्यक्ष केलं गेलं. तेव्हा ते २६ वर्षांचे, गावात नवे, कुणाशी जुनं वैर नाही. रेल्वेतल्या पोर्टरांच्या युनियनचे ई. डी. निक्सन यांनी रोझाबाईंना जामिनावर सोडवून आणलं होतं आणि पाद्र्यांना फोन करकरून गोळा केलं होतं. किंग यांचं मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण चळवळीने त्यांना उभं केलं आणि त्यांनी चळवळीला आवाज दिला, हा क्रम नीट ध्यानात ठेवला पाहिजे.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. चाळीस हजारांच्या आसपास माणसं रोज कामावर जाणार कशी? शेकडो मोटारी गोळा झाल्या, थांबे ठरले, वेळापत्रक लागलं. बाकीचे पायी. पेट्रोलला पैसे लागायचे. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी मैत्रिणी जमवल्या. कोंबडीचे सँडविच, भरलेल्या ‘पाय’ पेस्ट्र्या, केक करून विकायचे आणि दर सभेत जमलेले पैसे मोजून द्यायचे. गटाचं नाव त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवलं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर एकच : कुठूनच नाही. गोऱ्या गिऱ्हाइकांनाही नकळत बहिष्काराला मदत करता यायची. किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून बाईंची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी घरातच खानावळ सुरू केली, आणि किंग त्यांच्या टेबलाशी जेवायला जाऊ लागले.

किंग कुटुंब राहायचं ते साउथ जॅक्सन स्ट्रीटवरचं घर त्या काळातल्यासारखं सांभाळून ठेवलं आहे. व्हरांड्यात बॉम्बचा खळगा दाखवतात. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री तो फुटला तेव्हा कोरेटा आणि काही आठवड्यांची लेक घरात होत्या. त्याच्या काही दिवस आधी मध्यरात्री धमकीचा फोन आल्यावर किंग झोपू शकले नव्हते. स्वयंपाकघरात येऊन कॉफी केली, टेबलाशी बसले, आणि हे आपल्याच्याने होणार नाही असं देवाला सांगितलं. ते स्वयंपाकघर आहे एवढंसं. भाचा दारातच उभा राहिला, आत यायला तयार होईना. त्याला तिथे आपण आगंतुक वाटत होतो, असं तो नंतर म्हणाला.

शेवटी कायद्याने जी लढाई जिंकली ती चार स्त्रियांच्या नावाने. ऑरिलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि ती पंधरा वर्षांची क्लॉडेट. वकील फ्रेड ग्रे, पंचविशीतला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल कायम केला आणि डिसेंबरात बसमधली भिंत पडली.

दिवस उतरणीला लागल्यावर टेकडीवरच्या स्मारकाला गेलो. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ४४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचं हे स्मारक २०१८ मध्ये उघडलं. गंजलेल्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी खांब, प्रत्येकावर एका काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव आणि तिथे मारल्या गेलेल्यांची नावं. सुरुवातीला खांब तुमच्या उंचीवर असतात. मग जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. हे स्मारक उभारणाऱ्या संस्थेच्या संग्रहालयात काचेच्या बरण्या मांडल्या आहेत. जिथे खून झाला तिथली माती, बरणीवर नाव, गाव, तारीख. लाल, पिवळी, करडी, आणि एका फळीवर आमच्या विदर्भातल्या कापसाच्या रानासारखी काळीभोर. कापूस इथलाही. त्या मातीतल्या कापसासाठीच हे सगळं घडलं होतं. माझ्याच्याने पुढे वाचवेना.

शुक्रवार, लाउन्ड्स काउंटी आणि सेल्मा

मॉन्टगोमेरी ते सेल्मा हा ५४ मैलांचा, म्हणजे ८७ किलोमीटरचा रस्ता १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी मोर्चेकरी सेल्माहून चालत आले. आम्ही उलटे निघालो. मधली लाउन्ड्स काउंटी बहुतेक प्रवासी गाडीतूनच पाहतात. महाराष्ट्रातून येणाऱ्याने इथे थांबलंच पाहिजे.

या काउंटीत दहातले आठ लोक कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. मोर्चा जाऊन आल्यावर विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकेल आणि सोबती इथे मुक्कामाला आले. स्थानिक नेता जॉन ह्यूलेट. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं या हमरस्त्यालगत तंबूत राहिली, काही तर दोन वर्षं. त्याच जागेवर आज राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे.

त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चित्राचं चिन्ह लागायचं, आपल्यासारखंच. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि मतपत्रिकेवर त्याच्यासोबत गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा उघडउघड छापलेली असायची. लाउन्ड्सच्या लोकांनी निवडला काळा पँथर. नोव्हेंबर १९६६ ची निवडणूक ते हरले. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या तरुणांनी तो पँथर आणि ते नाव उचललं, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. आमच्या तरुणपणी नागपूरच्या भिंतींवर जो पँथर रंगलेला असायचा त्याचा उगम या गवताळ माळरानावर आहे. मी नातीला म्हटलं, फोटो काढ माझा इथे. त्या हरलेल्या निवडणुकीनंतर चार वर्षांनी, १९७० मध्ये, जॉन ह्यूलेट याच काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आले.

सेल्मा दुपारी गाठलं. गाव थकलेलं आहे. बंद दुकानं, २०२३ च्या वादळाने उडालेली छपरं. एडमंड पेटस पूल मात्र चित्रात पाहतो तसाच. नाव दिलंय ते गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं, आणि तो कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचाही पुढारी होता. पूल मध्ये उंच आहे. चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही, माथ्यावर आल्यावरच समोरचा रस्ता उघडतो. ७ मार्च १९६५ ला सहाशे माणसं माथ्यावर आली तेव्हा त्यांना खाली रस्ताभर उभे राज्य पोलीस दिसले.

सर्वांत पुढे होसिया विल्यम्स आणि पंचवीस वर्षांचे जॉन लुईस. तुरुंगात जावं लागेल म्हणून लुईस यांनी पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक सफरचंद, एक संत्रं आणि दात घासायचा ब्रश घेतला होता. पोलिसांच्या दंडुक्याने त्यांची कवटी फुटली. अमेलिया बॉयंटन बेशुद्ध पडल्या, त्यांचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. या बाई आणि त्यांचे पती १९३० च्या दशकापासून इथे मतदारनोंदणीचं काम करत होते. पोलिसांनी ज्याला गोळी घातली त्या जिमी ली जॅक्सनच्या मृत्यूनंतर मॉन्टगोमेरीपर्यंत चालत जायची कल्पना जेम्स बेव्हल यांची. त्याआधी १९६३ पासून सेल्मात नोंदणीचं काम पुन्हा उभं केलं ते बर्नार्ड लाफायेट यांनी. न्यायालयाच्या पायऱ्यांवर शेरीफ जिम क्लार्कच्या तोंडावर बोलून ठोसा खाल्ला तो सी. टी. व्हिव्हियन यांनी.

लुईस, बेव्हल, लाफायेट, व्हिव्हियन. हे चौघेही नॅशव्हिलमध्ये लॉसन यांच्या हाताखाली तयार झाले होते.

ब्राउन चॅपल चर्चपाशी नातीने माल्कम एक्स यांच्याबद्दल विचारलं, अहिंसेची अट न मानणारे ते कृष्णवर्णीय नेते. ते आमच्या वाटेवरचे नव्हेत. त्यांचं काम न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं, उत्तरेतल्या शहरांचं. पण ४ फेब्रुवारी १९६५ ला ते याच चर्चमध्ये बोलले. किंग तेव्हा तुरुंगात होते. कोरेटांना त्यांनी सांगितलं की मी तुमच्या पतीचं काम अवघड करायला आलेलो नाही. अडीच आठवड्यांनी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्यांनी ही भेट लक्षात ठेवावी.

२१ मार्चला मोर्चा पुन्हा निघाला, यावेळी केंद्र सरकारच्या सैनिकांच्या बंदोबस्तात. २५ मार्चला पंचवीस हजार लोक त्याच विधिमंडळाच्या पायऱ्यांपुढे उभे होते. मतदान हक्काच्या कायद्यावर ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

शनिवार, बर्मिंगहॅम

या शहराचं नाव निघालं की किंग यांचं तुरुंगातलं पत्र आठवतं. एप्रिल १९६३ मध्ये वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला सुरुवात केलेलं. पण शहर फ्रेड शटल्सवर्थ यांचं. १९५६ च्या नाताळच्या रात्री त्यांचं घर बॉम्बने उडवलं, ते ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले आणि दुसऱ्याच दिवशी बसमध्ये पुढच्या जागांवर बसायला निघाले. पुढच्या वर्षी मुलींना गोऱ्यांच्या शाळेत घालायला नेलं तेव्हा जमावाने साखळ्यांनी मारलं. किंगना बर्मिंगहॅमला बोलावून आणलं यांनीच. आज विमानतळाला त्यांचं नाव आहे.

केली इंग्राम पार्कमध्ये पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणाऱ्या पोलिसी कुत्र्यांची शिल्पं आहेत. मधून चालावंच लागतं. २ मे १९६३ ला समोरच्या चर्चमधून शाळकरी मुलांच्या रांगा निघाल्या. पहिल्याच दिवशी शेकडो मुलांना अटक. दुसऱ्या दिवशी आगीच्या बंबांचे पाइप आणि कुत्री. मुलांना उतरवायची योजना बेव्हल यांची. मोठी माणसं तुरुंगात गेली की नोकरी जाते आणि घर उपाशी राहतं, मुलांवर कुणाचं पोट नसतं, असा त्यांचा विचार. माल्कम एक्स यांनी यावर कठोर टीका केली होती. मी आयुष्यभर शिक्षिका होते. वर्गातल्या बारा वर्षांच्या पोरांना मी त्या पाण्यासमोर पाठवलं असतं का? नसतं. आणि त्या मुलांनी ते केलं नसतं तर शहराच्या व्यापाऱ्यांनी आठवडाभरात समझोता केला नसता, हेही खरं. दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ माझ्याने बसत नाही.

समझोत्याचा सूड १५ सप्टेंबरला उगवला. रविवारच्या प्रार्थनेआधी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघी चौदा वर्षांच्या, आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर. शेवटच्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायला २००२ साल उजाडलं. चर्चमध्ये वेल्सच्या जनतेने वर्गणी काढून दिलेली रंगीत काचेची खिडकी आहे, त्यावरचा येशू कृष्णवर्णीय आहे.

रविवार, नॅशव्हिल

तीनशे किलोमीटर उत्तरेला. सगळं गाव संगीतासाठी आलेल्या पर्यटकांनी भरलेलं. आम्ही थेट सार्वजनिक ग्रंथालयात गेलो.

१९५६ मध्ये लॉसन भारतातून परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात त्यांची किंगशी गाठ पडली. दोघंही २८ वर्षांचे. शिक्षण पुरं करून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या, तुमच्यासारखं कुणी आमच्याकडे नाही. ते नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राला नाव घातलं आणि क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात शिबिरं सुरू केली.

शिबिरात काय व्हायचं? गांधी, येशू, थोरो यांच्यावर चर्चा, आणि मग सराव. खुर्च्या मांडून निम्म्यांनी गिऱ्हाईक व्हायचं, निम्म्यांनी गुंड. शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर त्याच्या अंगावर कसं ओणवायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत कसं राहायचं, हे घोटून घ्यायचं. महिनोन्‌महिने. मगच, १३ फेब्रुवारी १९६० ला, मुलं दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली.

ग्रंथालयाच्या नागरी हक्क कक्षात तसा गोलाकार काउंटर केला आहे, भोवती स्टुलं, आणि काउंटरवर विद्यार्थ्यांना दिलेले नियम कोरलेले. उलट मारू नका, शिवी देऊ नका. नेत्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दुकानाची वाट अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. नम्र राहा. आणि शेवटी : येशू, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण ध्यानात ठेवा. नात एका स्टुलावर ताठ बसली आणि नियमांवरून बोट फिरवत राहिली. मी शेजारच्या स्टुलावर बसले. गांधी हे नाव त्या यादीपर्यंत ज्याने पोचवलं तो आमच्या मैदानावर पोरांना खेळवत होता, या विचाराने मला भरून आलं. रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. एप्रिलमध्ये मुलांचे वकील अलेक्झांडर लूबी यांचं घर डायनामाइटने उडवलं. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे न्यायालयाकडे चालत गेले. पायऱ्यांवर डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं : केवळ वर्णावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौर हो म्हणाले. १० मे रोजी काउंटर सर्वांना खुले झाले. पुढच्या वर्षी अलाबामात स्वातंत्र्ययात्रेची, म्हणजे काळे-गोरे मिळून एकत्र बसून दक्षिणेत जाणाऱ्यांची, बस जाळली गेल्यावर यात्रा थांबणार असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा नॅशव्हिलहून नवी तुकडी पाठवली ती याच डायानने. मुलं मरतील, असं वॉशिंग्टनहून फोन करणाऱ्या अधिकाऱ्याने बजावलं. निघण्यापूर्वी सगळ्यांनी मृत्युपत्रं लिहून ठेवली आहेत, असं तिने शांतपणे सांगितलं. ती तेव्हा २३ वर्षांची होती.

सोमवार, मेम्फिस

१ फेब्रुवारी १९६८ ला पावसात कचऱ्याच्या ट्रकमध्ये आडोशाला बसलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे सफाई कामगार कचरा दाबायच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्यासाठी गावातल्या पाद्र्यांची जी समिती झाली तिचे अध्यक्ष लॉसन. ते इथल्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते. माणसाला माणूस न मानणं हेच वंशभेदाचं मूळ, असं ते सभेत बोलले, आणि कामगारांच्या गळ्यात ती पाटी आली : मी माणूस आहे. किंगना मेम्फिसला बोलावलं लॉसन यांनीच.

लॉरेन मोटेल आता संग्रहालय आहे. ३०६ क्रमांकाची खोली काचेतून दिसते, बाहेर सज्जावर पुष्पचक्र. ४ एप्रिल १९६८, संध्याकाळी सहा वाजून एक मिनिट. त्या रात्री लॉसन यांनी रेडिओवरून लोकांना शांत राहायचं आवाहन केलं. ज्या मित्राला आपण बोलावलं त्याच्या खुनानंतर काही तासांत हे करायला माणूस आतून किती घडलेला असावा लागतो! ८ एप्रिलला कोरेटा यांनी त्याच गावात मूकमोर्चाचं नेतृत्व केलं, आणि १६ एप्रिलला महापालिकेने युनियन मान्य करून पगारवाढ दिली.

संप जिथून चालला ते क्लेबॉर्न टेम्पल हे चर्च २०२५ च्या एप्रिलमध्ये आगीत गेलं. शेजारच्या चौकातल्या भिंतीवर संपकऱ्यांची नावं कोरलेली आहेत. आम्ही ती बरीचशी वाचली. नात मोठ्याने वाचत होती. एक वयस्क गृहस्थ थांबले, कुठून आलात म्हणाले. इंडिया, नागपूर, असं मी सांगितलं आणि लॉसन यांचं नाव घेतलं. “रेव्हरंड लॉसन!” ते म्हणाले, आणि बराच वेळ माझा हात हातात धरून उभे राहिले.

लॉसन पुढे लॉस एंजेलिसला गेले. तिथे हॉटेलांतल्या कामगारांना, स्थलांतरितांना अहिंसक लढ्याचं शिक्षण देत राहिले. ज्या विद्यापीठाने काढलं त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना शिकवायला परत बोलावलं आणि २०२२ मध्ये त्यांच्या नावाची संस्था सुरू केली. ९ जून २०२४ ला, ९५ व्या वर्षी ते गेले.

या फेरीत मिसिसिपी राहिलं. मेम्फिसपासून दोन तासांवर रूलव्हिल आहे. तिथे फॅनी लू हेमर यांची समाधी आहे. वीस भावंडांतल्या शेवटच्या, कापूस वेचणाऱ्या, १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मळ्यावरून हाकललेल्या, आणि १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तुरुंगातल्या मारहाणीची हकिगत सांगून साऱ्या देशाला हलवणाऱ्या. नात आता त्यांच्याबद्दल वाचते आहे. पुढच्या खेपेस गाडी ती चालवणार आणि सुरुवात रूलव्हिलपासून करायची, असं ठरलं आहे.